चार लिप्यांच्या गावातला छापखाना

सोलापुरात लग्नसराई आली की छापखान्याच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पत्रिका कुठल्या भाषेत?" पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घराला तेलुगू पत्रिका हवी असते, पण शेजारीपाजारी आणि कारखान्यातल्या लोकांसाठी शंभर-दीडशे मराठीही लागतात. सोयरीक इंडी-विजापूरकडची असली तर कन्नड. विजापूर वेशीकडच्या घरात एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. आज हे सगळं एका टेबलावर, एकाच कॉम्प्युटरवर जुळतं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच कामासाठी दोन-तीन छापखाने हिंडावे लागत, कारण एकाकडे मराठीचे खिळे असत तर दुसऱ्याकडे तेलुगूचे, आणि उर्दूचं काम तर वेगळ्याच माणसाकडे जाई.

छपाईच्या प्रगतीबद्दल बोलताना लोक मशिनबद्दल बोलतात: तासाला किती कागद, किती रंग, कुठून आणलं. मशिन महत्त्वाचं आहेच. पण चार लिप्यांच्या गावात खरा बदल झाला तो अक्षरात. अक्षर आधी शिशाचं होतं, मग चित्र झालं आणि आता एक क्रमांक झालं आहे. ही वाटचाल समजली की आपल्याकडचा छपाईचा आणि पुस्तकांचा धंदा कसा वाढला, कुठे अडला आणि अजून कुठे अडतो आहे, हे आपोआप उलगडतं.

खिळे

टाइपला मराठीत खिळा म्हणतात. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूची ती बारीक उभी कांडी असते आणि तिच्या डोक्यावर उलटं अक्षर उठावदार ओतलेलं असतं. कंपोझिटर म्हणजे जुळारी. त्याच्या डाव्या हातात 'स्टिक' नावाची धातूची छोटी पट्टी असते आणि उजवा हात समोरच्या लाकडी खणांत फिरत असतो. एकेक खिळा उचलायचा, बोटाला त्याची खाच लागली की दिशा कळते, तो स्टिकमध्ये ठेवायचा. शब्द संपला की मध्ये कोरा तुकडा. ओळ भरली की घट्ट करायची आणि पुढची सुरू. ओळी गॅलीत, म्हणजे लांबट ताटलीत, उतरवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, प्रूफ काढायचं, चुका चिमट्याने बदलायच्या, पानं चौकटीत आवळायची आणि मशिनवर चढवायची. छापून झालं की तेच सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात परत टाकायचे, नाहीतर उद्याच्या कामाला अक्षरं नाहीत.

मी लहानपणी फलटण गल्लीजवळच्या एका छापखान्यात हे तासन् तास बघत उभा राहायचो. तिथले अण्णा खणांकडे न बघता खिळे उचलत. एकदा मी विचारलं, "अण्णा, न बघता कसं कळतं?" ते म्हणाले, "तुझ्या आईला मिठाचा डबा कुठाय ते बघावं लागतं का?"

इंग्रजीचं काम इथे सोपं होतं. लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं धरून शंभराच्या आसपास प्रकारचे खिळे. मराठीत एकट्या 'क'चं बघा: पूर्ण क, अर्धा क, क्र, क्त, क्ष, आणि वर काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार. 'मूर्ती' हा शब्द घ्या. 'म'च्या खाली उकार आहे. 'त'च्या उजवीकडे दुसरी वेलांटी आहे आणि तिच्या डोक्यावर रफार. म्हणजे वेलांटी-रफार जोडून ओतलेला आणखी एक वेगळा खिळा. असे प्रकार मोजले तर ते काही शेकड्यांत जातात. यावर दोन पद्धती निघाल्या. 'डिग्री' पद्धतीत अक्षराचा खिळा बुटका असे आणि मात्रा-उकारांचे बारीक तुकडे वर-खाली बसवत, म्हणजे एक ओळ जुळवायला तीन थर जुळवायचे. 'अखंड' पद्धतीत मात्रा-उकार अक्षरासोबतच ओतलेले असत. त्यात हात झपाझप चाले, पण खणांची संख्या वाढे.

आता याच छापखान्यात कन्नड आणि तेलुगूही ठेवायचं म्हटलं तर प्रत्येक लिपीचा पूर्ण वेगळा संच लागणार. त्याचे खण, त्याची जागा, त्याचं भांडवल आणि ती लिपी जाणणारा जुळारी, सगळंच वेगळं. लहान मालकाला हे परवडणं शक्यच नव्हतं. म्हणून छापखाने भाषेप्रमाणे वाटले गेले.

उर्दूचं दुखणं निराळं होतं. नस्तालिक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे जाताना तिरका उतरतो आणि अक्षरं एकमेकांवर रेलतात. चौकोनी खिळ्यात हे मावत नाही. त्यामुळे उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत असत आणि तो शिळाछापाने, म्हणजे दगडावर उतरवून, छापला जाई. सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. १९३० च्या मार्शल लॉनंतर त्यांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पुतळ्यांसमोरून जाताना आपण कुर्बान हुसेन यांना गिरणी कामगारांचे नेते म्हणून आठवतो. ते पत्रकारही होते हे सांगावंसं वाटतं.

पंचांग: छापखान्याची परीक्षा

मराठीत छापील पंचांगाची सुरुवात मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये केली, तीही शिळाछापावर. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्यांना जे वळण दिलं ते कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. आणि विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या घराघरातल्या खुंटीवर जे पंचांग लटकलं ते सोलापूरचं. लक्ष्मण गोपाळ ऊर्फ नाना दाते यांनी सुरू केलेलं दाते पंचांग आता शंभरी ओलांडून गेलं आहे.

पंचांगाचं एक पान उघडून बघा. एका पंधरवड्याचं कोष्टक: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, प्रत्येकाची समाप्तीची वेळ, सूर्योदय, सूर्यास्त. म्हणजे जवळजवळ सगळा मजकूर आकडे आणि एका-दोन अक्षरांचे संक्षेप. कादंबरीत एखादी वेलांटी चुकली तर वाचक समजून घेतो. इथे ३ च्या जागी ८ पडला तर कुणाची तरी एकादशी दुसऱ्या दिवशी जाते. खिळ्यांच्या काळात अशा पानात उभ्या रेषा म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या. त्या सरकू न देता प्रत्येक आकडा आपल्या घरात बसवायचा. वर आकड्यांचे खिळे संपायचे, कारण खिळे ओतणारी फाउंड्री अक्षरांच्या मानाने आकडे कमी देई. गणित करणारे एक, जुळवणारे दुसरे, तपासणारे तिसरे. अशी कामं अंगावर घेण्याची शिस्त ज्या गावाला लागते, तिथे इतर छपाईही चोख होते, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तक जगतं जॉबवर्कवर

रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये पोचली, पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. गिरणी आली की छपाई लागते: हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, पावती पुस्तक, गासडीवरचं लेबल. मग चादरी-टॉवेलचे टॅग, विडीच्या बंडलावरचे कागद, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांची पासबुकं, यात्रेची हँडबिलं. या सगळ्याला धंद्यात 'जॉबवर्क' म्हणतात. त्याला कुणी साहित्य म्हणत नाही, पण पुस्तक छापणाऱ्या मशिनचा हप्ता त्याच कामातून फिटतो. पुस्तकाचं काम वर्षाकाठी चार-सहा महिने येतं आणि पैसे त्याहून उशिरा येतात. पावती पुस्तकं बारा महिने येतात. गिरण्या बंद पडल्या तेव्हा छापखान्यांच्या हातातलं रोजचं काम गेलं आणि त्यासोबत पुस्तकांची उधारी सोसण्याची ताकदही कमी झाली. पंढरपूर आणि अक्कलकोट जिल्ह्यात असल्याने पोथ्या, हरिपाठ, स्तोत्रं यांची मागणी मात्र कधी आटली नाही.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण त्यात नेहमी गल्लत होते. मुद्रक आणि प्रकाशक हे दोन वेगळे धंदे आहेत. मुद्रक छापून देतो आणि त्याचे पैसे घेतो. प्रकाशक हस्तलिखित निवडतो, संपादन करून घेतो, पैसा गुंतवतो आणि पुस्तक विकलं जाईल की नाही याची जोखीम घेतो. सोलापुरात या दुसऱ्या धंद्याचं एक उदाहरण असं आहे की त्याचं कौतुक गावात फारच कमी होतं. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला काढली. तिचा पहिला मोठा ग्रंथ 'तिलोयपण्णत्ति', प्राकृतातला, गणित आणि विश्वरचनेवरचा. पहिला भाग १९४३ मध्ये आला, दुसरा १९५१ मध्ये. संपादक आ. ने. उपाध्ये कोल्हापुरात, हिरालाल जैन अमरावतीत आणि प्रकाशक सोलापुरात. त्यातलं १९४३ हे तर महायुद्धातलं, कागदटंचाईचं वर्ष. प्राचीन भारतीय गणिताचे अभ्यासक आजही या ग्रंथाचा दाखला देतात, म्हणजे जगभरच्या ग्रंथसूच्यांत 'सोलापूर' हे नाव छापलं जातं. चादरीइतकाच या गोष्टीचा अभिमान आपल्याला वाटायला हवा.

पाणी आणि तेल

खिळ्यांची छपाई उठावावर चालते: उंच भागाला शाई लागते, तो भाग कागदावर दाबला जातो. ऑफसेटमध्ये उंच-सखल काहीच नसतं. ॲल्युमिनियमची प्लेट हाताला सपाट लागते. तिच्यावर मजकुराचा भाग असा तयार केलेला असतो की तो तेलकट शाई धरतो, आणि कोरा भाग पाणी धरतो. मशिन फिरताना प्लेटवर आधी पाण्याचा रोलर जातो, मग शाईचा. पाणी जिथे बसलं तिथे शाई बसत नाही. घरात तेलकट ताटावर पाणी टाकून बघा, तत्त्व तेच. प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर. मऊ रबर कागदाच्या पोताशी जुळवून घेतं, म्हणून बारीक अक्षरही स्वच्छ उमटतं. मशिनमन दिवसभर ज्याच्यासाठी धडपडतो तो हाच पाणी-शाईचा तोल. पाणी जास्त झालं तर छपाई फिकी, कमी झालं तर कोऱ्या जागेवर काळपट झाक. त्यात सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की कागदातलं पाणी उडतं, कागद कडेने वळतो, आकसतो आणि चार रंग एकमेकांवर बसत नाहीत. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या बारीक ठिपक्यांतून आपल्याला पूर्ण रंगीत चित्र दिसतं. त्यातला एक रंग केसभर सरकला की फोटोतल्या माणसाच्या ओठांना दुहेरी कड येते.

ऑफसेटचा मूळ पूर्वज शिळाछापच, तत्त्व तेच पाणी-तेलाचं. म्हणून उर्दूला ऑफसेट सगळ्यात आधी मानवला. कातिबाने लिहिलेल्या पानाचा फोटो काढा, प्लेट करा, छापा. खिळ्यांची पायरी उर्दूला चढावीच लागली नाही.

मराठीच्या बाजूला मात्र मधली काही वर्षं विचित्र गेली. मजकूर कॉम्प्युटरवर जुळायचा, पान बटर पेपरवर लेसर प्रिंटरने निघायचं, ते कात्रीने कापून पेस्टिंग व्हायचं, मग त्यावरून प्लेट. एखादं अक्षर चुकलं तर दुसऱ्या पानातून तेच अक्षर ब्लेडने कापून चिकटवायचं. पुढे सीटीपी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट. बटर, कात्री, गोंद सगळं गेलं. मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्या सोलापुरातून निघू लागल्या आणि 'संचार'सारखं गावचं आधीपासूनचं दैनिक त्यांच्या शेजारी टिकून राहिलं, ते याच बदलांच्या काळात.

अक्षर सुटलं आणि पुन्हा अडकलं

डीटीपीने, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या जुळवणीने, शिशाचे खण संपवले. पण कॉम्प्युटर मुळात इंग्रजीसाठी घडलेला. मग कंपन्यांनी एक युक्ती केली. कॉम्प्युटरला वाटायचं की इंग्रजी अक्षर टाइप झालं आहे, पण फॉन्टमध्ये त्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. पडद्यावर मराठी दिसे, छापून मराठी येई, फाइलमध्ये मात्र मराठी नसेच. शिवाय प्रत्येक कंपनीने चित्रं वेगवेगळ्या जागी बसवली. एकाच्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की अर्थ नसलेली खिचडी.

याचा चटका मला बसला आहे. पूर्व भागातल्या हातमाग कुटुंबांवर आम्ही काही जणांनी २००१ मध्ये एक पुस्तिका काढली, १४० पानांची. पंधरा वर्षांनी मागणी आली म्हणून जुनी सीडी काढली. ज्या छापखान्यात काम झालं होतं तो बंद झाला होता, त्यांनी वापरलेला फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर चालेना, आणि पडद्यावर नुसत्या इंग्रजी चिन्हांच्या रांगा. छापील प्रत समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. शिशाच्या काळात पुढच्या आवृत्तीला पुन्हा जुळवणी करावी लागे कारण खिळे खणात परत गेलेले असत. आमच्यावर तीच वेळ आली, आणि तीही कॉम्प्युटरच्या काळात.

युनिकोडने ही अडचण मुळातून सोडवली. त्याची कल्पना अगदी सोपी आहे: जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. मराठी 'क'चा क्रमांक २३२५, 'ळ'चा २३५५. फाइलमध्ये चित्र साठत नाही, क्रमांक साठतो. 'क्ष' लिहिलं की आत तीन क्रमांक जातात: क २३२५, पाय मोडण्याची खूण २३८१, ष २३५९. त्यांचं जोडाक्षर कसं दिसावं हे फॉन्ट ठरवतो. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण फाइलमध्ये आधी क जातो आणि मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. फॉन्ट बदला, कॉम्प्युटर बदला, मोबाइलवर उघडा, क्रमांक तोच राहतो.

आणि सोलापूरकराला आवडेल अशी एक गोष्ट यात दडलेली आहे. देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो, तेलुगूचा ३०७२ पासून, कन्नडचा ३२०० पासून. 'क'चा क्रमांक देवनागरीत २३२५, तेलुगूत ३०९३, कन्नडमध्ये ३२२१. वजाबाकी करून बघा. तिन्ही ठिकाणी 'क' आपल्या घराच्या उंबऱ्यापासून बरोबर २१ वर बसला आहे. कारण आपल्या लिप्यांची वर्णमाला एकच. भारतीय भाषांसाठी आधी जो आयएससीआयआय नावाचा संकेत झाला होता त्यात हा विचार होता, तो युनिकोडने तसाच उचलला. ज्या लिप्यांसाठी आपल्याकडे वेगवेगळे छापखाने होते, त्या आत क्रमांकात एकाच आराखड्याच्या घरांत राहतात.

एवढं असूनही आज गावातल्या कित्येक डीटीपी टेबलांवर जुनेच फॉन्ट चालतात. ऑपरेटरचा हात त्या कीबोर्डवर बसलेला आहे आणि पानं सुबक दिसतात, हे खरं. पण त्या फाइलचं ई-बुक होत नाही, तिच्यात शब्द शोधता येत नाही, ती वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणजे अंध वाचकाला ते पुस्तक बंदच. मशिन चार रंगी आणि फाइल मुकी, ही माझ्या मते आपल्या धंद्यातली सर्वांत मोठी राहून गेलेली गोष्ट आहे. तुमचं पुस्तक कुठेही छापा, पण काम ठरवतानाच सांगा की मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि छपाईनंतर मूळ फाइल मला हवी. पीडीएफवर भागवून घेऊ नका.

हजार प्रतींचं गणित

मराठी पुस्तकाची आवृत्ती वर्षानुवर्षं हजाराचीच का निघायची? १६० पानांचं डेमी आकाराचं पुस्तक घ्या. १८ बाय २३ इंचाच्या कागदावर एका बाजूला ८ पानं बसतात, दोन्ही बाजूंना मिळून १६. याला एक फर्मा म्हणतात. म्हणजे पुस्तक १० फर्म्यांचं. हजार प्रतींना १०,००० कागद, ५०० चा एक रीम धरून २० रीम, वर नासाडीसाठी थोडे. प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजूंच्या दोन, अशा २० प्लेटा. जुळवणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, प्लेटा आणि मशिन लावण्याचा खर्च दोनशे प्रतींना जेवढा, हजारालाही तेवढाच. तो हजारांत वाटला तर प्रत स्वस्त पडते. मग उरलेल्या सहाशे प्रती घरातल्या पलंगाखाली पडून राहतात.

डिजिटल छपाईत प्लेटच नाही. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत एकाच भावात पडते. त्यामुळे शंभर प्रती काढून बघणं आता कुणालाही शक्य आहे. मोठ्या आवृत्तीला अजूनही ऑफसेटच परवडतं. जाता जाता आणखी एक: छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण कागद आणि छपाईवर प्रकाशक जो कर भरतो तो त्याला परत वळता करून घेता येत नाही, म्हणून तो किमतीत येऊन बसतो.

आमच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती शंभर प्रतींची निघाली. त्यात सुरुवातीला चार पानांचं तेलुगू मनोगत आहे, पूर्व भागातल्या एका ज्येष्ठांनी लिहिलेलं. २००१ मध्ये छापखान्याकडे तेलुगू नव्हतं, म्हणून त्यांच्या एका नातेवाइकाने ते सुबक अक्षरात उतरवून दिलं आणि आम्ही त्याचा फोटो काढून छापला. आमच्यापैकी कुणालाच ते वाचता येत नव्हतं. या वेळी डीटीपीला बसलेल्या मुलीच्या घरची भाषाच तेलुगू. तिने ती चार पानं टाइप केली आणि प्रूफ घेऊन आली. "काका, यात दोन चुका आहेत, आधीपासूनच्या. एका ठिकाणी गावाचं नाव चुकलंय, आणि एका ठिकाणी आजीच्या जागी आत्या झालंय." दोन्ही दुरुस्त करून तिने समासात लाल शाईने मराठीत लिहून ठेवलं होतं, मला कळावं म्हणून.